टेम्पोतून मोटारसायकल पाठवताना

प्रश्न : माझ्या मुलीची बदली नागपूरला झाली असून तिची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० नाशिकहून तिकडे पोहोचवायची आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई असल्यामुळे ती ओळखीच्या ‘छोटा हत्ती’मधून पाठवावी, असा विचार आहे. चालकाचे म्हणणे असे की, गाडी मेन स्टँडवर लावून सीटवरून आणि हँडलवरून काथ्याचा दोर आवळला की पुरे, आणि हवे तर एक मुलगा हौद्यात तिला धरून बसेल. हे योग्य आहे का? पेट्रोल काढावे लागते का? वाटेत नुकसान झाल्यास विमा मिळतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टँड, काथ्या आणि मुलगा या तिन्ही गोष्टी टाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाबद्दल तर चर्चाच नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवणे नियमाविरुद्ध आहे, आणि १९५ किलोची गाडी कलंडू लागली की ती कोणाच्याही हाताने थांबत नाही. उलट, धरणाराच तिच्याखाली सापडतो.

मेन स्टँडवर गाडी घट्ट उभी आहे असे वाटते, पण ते टेम्पो थांबलेला असेपर्यंतच खरे असते. स्टँडवरून गाडी उतरवताना आपण तिला पुढे ढकलतो. केबिनकडे तोंड करून उभ्या केलेल्या गाडीच्या बाबतीत टेम्पोचा ब्रेक नेमके तेच करतो. शिवाय स्टँडवर असताना एक चाक अधांतरी असते आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका शॉकअपऐवजी स्टँडच्या दोन पायांवर आणि ते चौकटीला जिथे जोडलेले असतात त्या जोडावर बसतो. साइड स्टँडवर उभी करून वरून दोर आवळणे त्याहून वाईट, कारण तेव्हा सगळा दाब त्या एका दांड्यावर येतो. तेव्हा गाडी स्वतःच्या दोन चाकांवर सरळ उभी करावी, दोन्ही स्टँड वर घ्यावेत आणि तंबूला जसे चारही बाजूंनी दोर ताणतात तसे तिला चार पट्ट्यांनी चार कोपऱ्यांकडे ओढून धरावे.

जोर किती येतो, याचा अंदाज असलेला बरा. युरोप आणि अमेरिकेतील माल बांधण्याचे नियम असे धरून चालतात की, जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने आणि वळणावर सुमारे निम्म्या वजनाइतका बाजूला येऊ शकतो. आपल्या गाडीच्या बाबतीत पुढच्या दिशेचा हा जोर दीडशे किलोच्या वर जातो. काथ्याचा दोर इतका ताण कदाचित सोसेलही, पण तो सैल पडतो, गाठ सरकते आणि भिजला की त्याचा ताण बदलतो. नायलॉनचा दोर तुटत नाही, मात्र रबरासारखा ताणला जातो. म्हणून पॉलिएस्टरचे, रॅचेट (दांडी वरखाली करून पट्टा आवळणारी खटक्याची कळ) असलेले चार पट्टे विकत घ्यावेत. त्यांच्यावरील चिठ्ठीवर अनेकदा दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा असतो, वापरायचा भार त्याच्या निम्मा किंवा एक तृतीयांशच धरावा.

पुढचे दोन पट्टे कुठे अडकवायचे, यावर अर्धे काम अवलंबून आहे. हँडलच्या टोकांना ते अडकवू नयेत. हँडल वाकते किंवा त्याच्या पकडीत फिरते आणि पट्टा सैल होतो. पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्यांना एकत्र धरणारी जी खालची जाड पट्टी हेडलाइटखाली असते, तिच्यावरून मऊ फासा घालून त्यात पट्ट्याचा हूक अडकवावा. फाशाखाली ब्रेकची नळी, क्लचची केबल किंवा वायर दबत नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. पट्टे तिथून खाली, बाहेर आणि थोडे पुढे, हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतील कड्यांकडे जावेत, म्हणजे पुढचे चाक केबिनच्या पाठीकडील पत्र्याला टेकून राहते. तिथे दोन लाकडी ठोकळे चाकाच्या दोन्ही अंगांना बसवता आले तर फारच चांगले.

आता ताण किती द्यायचा, ते पाहू. दोन्ही रॅचेट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. फोर्क खाली बसताना दिसतो. या गाडीच्या फोर्कची चाल सुमारे १३० मिलिमीटर आहे, त्यातली ४० ते ६० मिलिमीटर दबली की थांबावे. इतके दाबायचे कारण असे की, खड्ड्यात फोर्क आणखी दबला तर पट्टा त्या क्षणापुरता सैल पडतो. आधीचा दाब पुरेसा नसेल तर तेवढ्यात हूक कडीतून निसटतो. पुष्कळ गाड्या कलंडतात त्या पट्टा तुटून नव्हे, तर अशाच हूक सुटून. फोर्क पूर्ण दाबून ठेवणेही चुकीचे, कारण मग धक्का झेलायला जागाच उरत नाही आणि ऑइल सीलवर विनाकारण ताण राहतो.

मागचे दोन पट्टे गाडी डावी-उजवीकडे घसरू नये यासाठी असतात. ते मागच्या पायदानाच्या लोखंडी आधाराला किंवा स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला, बांधावेत. सायलेन्सर थंड झाल्यावरच पट्टे लावावेत आणि ते त्याला टेकू देऊ नयेत. पट्टा फाळक्याच्या कडेवरून जात असेल तर खाली गोणपाटाची घडी ठेवावी, नाहीतर ती पत्र्याची धार सहाशे किलोमीटरमध्ये त्याला कापत नेते. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि पुढचा ब्रेक रबराने आवळून ठेवावा. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा थांबून चारही पट्टे तपासणे आवश्यक आहे. त्यानंतर प्रत्येक चहाच्या थांब्यावर. गाडीवर सैल ताडपत्री टाकू नये. वाऱ्याने फडफडून ती टाकीचा रंग घासून काढते, त्यापेक्षा धूळ परवडली.

‘छोटा हत्ती’बद्दल एक शंका आहे. त्याचा हौदा सुमारे सात फुटांचा आणि आपली गाडीही जवळजवळ तेवढीच लांब, त्यामुळे ती जेमतेम बसेल आणि मागच्या पट्ट्यांना मागे ओढायला जागा उरणार नाही. आठ-नऊ फुटी हौद्याची पिकअप मिळाली तर थोडे जास्त भाडे द्यावे, असे मी सुचवीन.

गाडी चढवण्यासाठी फळी लांब असावी. अडीच फूट उंचीच्या हौद्याला सहा फुटी फळी लावल्यास चढ सुमारे २५ अंशांचा होतो, आठ फुटी लावल्यास १८ अंशांचा. फळीचे वरचे टोक हौद्याला बांधलेच पाहिजे, कारण मागचे चाक चढताना फळीला मागे रेटते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे टेम्पो एखाद्या ओट्याला किंवा उंचवट्याला मागून भिडवणे. उतरवताना गाडी मागे येत असते आणि भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पुढचा ब्रेक दाबल्यास पुढचे चाक नुसते घसरते. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडत तोच ब्रेक म्हणून वापरावा. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा.

रस्त्याने नेताना टाकी रिकामी करण्याची गरज नाही, पण ती काठोकाठ भरलेलीही नसावी. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि टोपणातून झिरपते. नागपुरात पंपापर्यंत जाता येईल एवढे ठेवावे. विम्याबद्दल सांगायचे तर, आपल्याकडील दुचाकीच्या सर्वसमावेशक पॉलिसीच्या ठरावीक मजकुरात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून वाहन नेले जात असताना होणारे नुकसान समाविष्ट असते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास यातले काहीही मिळत नाही. निघण्यापूर्वी चारही बाजूंची आणि किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढून ठेवावीत.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्हा रेल्वेने पाठवायची असल्यास काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून किंवा तिकिटाशिवाय पार्सल म्हणून, असे दोन मार्ग आहेत. लगेज साधारणपणे आपण बसतो त्याच रेल्वेगाडीने जाते. पार्सलला जागा मिळेल त्याप्रमाणे वेळ लागतो. नोंदणी प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि येथे टाकी रिकामी असणे सक्तीचे आहे. डब्यात गाडी कशी उभी राहील हे आपल्या हाती नसल्यामुळे बांधण्यापेक्षा गुंडाळण्याकडे लक्ष द्यावे. आरसे काढून डिकीत ठेवावेत, पुढच्या आणि बाजूच्या प्लास्टिकवर गोणपाटाखाली जाड पुठ्ठा घालायला लावावा आणि पत्ता दोन ठिकाणी ठळक लिहावा. पोहोचल्यावर गाडी लवकर सोडवून घ्यावी. ठरलेली मुदत उलटली की जागेचे भाडे लागू होते.