एप्रिल-मेच्या उन्हात भोपळ्याच्या वेलावर शेडनेट टाकावी का? टाकायची तर किती टक्क्यांची?

तुम्ही लिहिलंय की अंगणात लाल भोपळ्याचे चार वेल आहेत, दुपारी पानं माना टाकतात, फुलं येतात पण फळ धरत नाही, आणि दुकानदाराने 75 टक्क्यांची हिरवी नेट गळ्यात मारलीय. नेट टाका, पण ही नको. टक्के म्हणजे जाळी किती ऊन अडवते ते. बदलून मिळत असेल तर 35 ची आणा. तुमच्याकडे पारा रोजच 44-45 ला टेकत असेल तर 50 ची. त्याच्या वर जाऊ नका.

हे मी हात पोळल्यावर सांगतोय. मी अकोला जिल्ह्यातला. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात (पुण्याकडचा पाहुणा कोहळं म्हटलं की पेठ्याचा पांढरा कोहळा समजतो, तो वाद वेगळा). पहिल्या वर्षी गोठ्यावरून उरलेली 75 ची जाळी होती, तीच चार बांबूंवर जेमतेम तीन फुटांवर ताणली. शेळ्या शिरू नयेत म्हणून चारही बाजू जमिनीपर्यंत सोडल्या आणि खाली विटा ठेवल्या. पंधरा दिवसांत वेल असा माजला की बघत राहावं. पानं ताटाएवढी, देठ मात्र लांबुळके आणि पोकळ, हात लागला की मोडायचे. फळ एकही नाही. इवलीशी कोहळी दिसायची, बोराएवढी, मग दोन-तीन दिवसांत पिवळी पडून मऊ व्हायची आणि गळायची. मी खताच्या मागे लागलो. एके दिवशी सकाळी आईने जाळीची एक बाजू वर केली आणि म्हणाली, "आत फुलं उमललीत अन् माशा बाहेर घोंघावून राहिल्या. फळ कुठून येईल रे?"

झालं होतं ते एवढंच. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी आधीच छोटं फळ असतं, नराला नुसता लांब देठ. फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं, आणि पुन्हा कधी उघडत नाही. म्हणजे मधमाशीला मिळतात ते सकाळचे तीन-चार तास. तेवढ्यात पराग पोचला नाही तर ते फळ गेलंच समजा. कडक उन्हाळ्यात नर फुलं जास्त आणि मादी कमी येतात, शिवाय उष्णतेने परागही लवकर मरतो. मुळात कमी मादी फुलं, त्यात आपणच जाळीने वाट अडवायची!

म्हणून बाजू उघड्या ठेवा. नेट फक्त डोक्यावर आणि पश्चिमेला. पूर्वेकडून सकाळचं ऊन वेलाला मिळू द्या, ते त्याला हवंच असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो, म्हणून वरचं छत लागतं. पण पानं खरी भाजतात ती दोन ते पाचच्या तिरप्या उन्हात, तेव्हा पश्चिमेची बाजू निम्म्यापर्यंत खाली सोडा. उंची निदान सहा फूट ठेवा. जाळी पानांना टेकली तर तापलेली जाळीच पान भाजते, आणि वारा न खेळल्यामुळे खाली भट्टी होते. शेडनेटने हवा फारशी थंड होत नाही, पानावर पडणारा थेट मारा कमी होतो, एवढंच तिचं काम. वावधनाची, म्हणजे वादळी वाऱ्याची, तयारी आधीच करा. सुतळी उन्हाने कुजते, नायलॉनची दोरी घ्या, आणि जाळी ढोलाच्या चामड्यासारखी ताणू नका, थोडा झोल राहू द्या. माझी एक जाळी वळवाच्या वादळात शेजाऱ्याच्या निंबावर जाऊन बसली होती.

दुपारी पानं माना टाकतात, त्याची फार काळजी करू नका. एवढाल्या पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी पुरवू शकत नाहीत, म्हणून वेल पानं खाली झुकवून ऊन चुकवतो. संध्याकाळी सातला जाऊन बघा. पानं उभी झाली असतील तर सगळं ठीक. सकाळी सहालाही लोंबत असतील तर मात्र बोट खुपसून माती बघा: कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असूनही पानं पडलेली असतील तर मुळाला किंवा खोडाला काहीतरी लागलंय. दुपारी पानं पडलेली पाहून बादल्या ओतायच्या नाहीत, त्यानेच मुळं सडतात. पाणी पहाटे, बुडाशी. आणि बुडाशी चार बोटं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) पसरा. आम्ही सोयाबीनचं टाकतो, गव्हाचं असलं तरी चालतं. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर नेट राहू द्या, आधी कुटार आणा.

फळ धरेपर्यंत आठवडाभर स्वतः परागीकरण करा. सकाळी सात-साडेसातच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका नरात दोन माद्या होतात. बोटाला पिवळी पूड लागली तरच पराग आहे असं समजा.

फळ मोठं झालं की उन्हाकडची बाजू पांढुरकी पडून कागदासारखी होते, तिथूनच सड शिरते. त्यासाठी जाळी लागत नाही, फळावर जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा मूठभर गवत टाकलं तरी भागतं. साडी आमच्या भागात रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून वावराच्या कुंपणाला लागतेच, त्यातलीच एखादी फाडायची.

नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सरून आभाळ भरून यायला लागलं की जाळी काढा, पण संध्याकाळी काढा, भरदुपारी नको. पावसातही तशीच ठेवली तर खाली दमट राहून पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखा बुरशीचा रोग, येते.

आणि दुकानदाराने 75 ची परत घेतली नाही, तर ती गच्चीवरच्या काळ्या टाकीवर बांधा. दुपारी त्या टाकीतून येणारं पाणी वेलाला घालत असाल तर ते आधी हातावर घेऊन बघा, चहा होईल एवढं तापलेलं असतं.