वापरलेली मिनिव्हॅन घ्यायची आहे, पण रिकॉलची यादी बघून भीती वाटते. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहता, दोन लहान मुलं, वर्षातून काही महिने आईवडील येऊन राहतात, म्हणून सहा-सात वर्षं वापरलेली मिनिव्हॅन बघताय. जिचं नाव शोधावं तिच्यापुढे रिकॉलची, म्हणजे सुरक्षिततेचा दोष निघाला म्हणून कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्याची, लांबलचक यादी दिसते. मग सगळ्यात कमी रिकॉल असलेली गाडी घ्यावी का?

नाही. निदान त्या हिशेबाने तरी नको. जी गाडी लाखांनी विकली जाते आणि वर्षानुवर्षं त्याच ढाच्यावर निघते, तिच्या तक्रारीही ढिगाने येतात, चौकशी होते आणि रिकॉल निघतात. फारशी कुणी न घेतलेल्या गाडीची यादी आपोआपच छोटी राहते. तुम्हाला बघायचंय ते एवढंच, की समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीवरची किती कामं झाली आहेत आणि किती बाकी आहेत. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. एकीचं सगळं झालेलं असतं, दुसरीचं पत्र कुणीतरी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकलेलं असतं.

मी स्वतः इथेच फसलो होतो. आमची पहिली व्हॅन एका डीलरकडून घेतली (कंपनी कुठली ते सोडा). विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, ‘एव्हरीथिंग इज डन.’ मीही इंजिन ऐकलं, टायर बघितले, एसी लावून बघितला आणि सही केली. घरी आल्यावर बायकोने विंडशील्डच्या कोपऱ्यात वाकून व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर वाचला, मी तो रिकॉल तपासायच्या साइटवर टाइप केला, आणि दोन रिकॉल बाकी निघाले. त्यातला एक सरकत्या दाराचा. ज्या दारातून मुलं रोज चढणार-उतरणार, नेमक्या त्याच दाराचा! डीलरने कायदा मोडला असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. २०१६ पासून ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांनाही अशी गाडी भाड्याने देता येत नाही. वापरलेली गाडी विकणाऱ्या डीलरवर मात्र केंद्रीय कायद्याने अशी बंदी नाही. त्यामुळे ‘डीलरने तपासलं असेलच’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

हा व्हीआयएन १७ अक्षर-आकड्यांचा असतो. ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात आणि ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तो निट्सा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या साइटवर टाकला की त्या गाडीचे बाकी रिकॉल दिसतात. पैसे लागत नाहीत, नाव द्यावं लागत नाही. गाडी बघायला जायच्या आधीच विक्रेत्याकडून नंबर मागवा. जो द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे जायचे कष्टच घेऊ नका. एक मेख मात्र आहे: ती साइट गेल्या १५ वर्षांतले, दुरुस्ती न झालेले रिकॉल दाखवते. जे काम झालं ते तिथे दिसत नाही. म्हणून ‘शून्य’ दिसलं की आनंद माना, पण कागद मागायला लाजू नका.

रिकॉलचं काम कंपनीच्या अधिकृत डीलरकडे फुकट होतं, गाडी कितव्या मालकाकडे आहे याचा काही संबंध नाही. फुकट दुरुस्तीची कायद्याची हमी गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांची आहे, पूर्वी ती १० वर्षांची होती.

आता मिनिव्हॅनचंच बोलायचं तर तिची दुखरी जागा म्हणजे सरकती दारं. नेहमीच्या गाडीचं दार बिजागरीवर फिरतं, संपलं. इथे वजनदार पत्रा तीन रुळांवर पळतो, त्याला मोटर, वायर, केबल, लॅच (दार अडकवणारी कडी), सेन्सर सगळं जोडलेलं, आणि ते पाऊस, बर्फ, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ यांत रोज वीस वेळा उघडतं-मिटतं. त्यामुळे एका कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, सगळ्यांचंच इथे काहीतरी अडलेलं आहे.

टोयोटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये २०११ ते २०१६ या मॉडेलच्या सिएना बोलावल्या, अमेरिकेत सुमारे ७ लाख ४४ हजार. दार थंडीने गोठून अडकलं आणि मोटर तरी जोर लावत राहिली, तर तिच्या सर्किटवर ताण येऊन फ्यूज उडायचा. तो उडाला त्या क्षणी लॅच सुटलेल्या स्थितीत असेल, तर गाडी चालू असताना दार उघडू शकायचं. होंडाच्या २०१८ ते २०२० च्या ओडिसीची गोष्ट निराळी, पण खलनायक तोच. बाहेरच्या हँडलमध्ये पाणी शिरायचं, ते गोठलं की हँडलची केबल जागेवर परत येत नसे आणि दार नीट लागत नसे. २०२० चा हा रिकॉल सुमारे ३ लाख २४ हजार गाड्यांचा होता. कियाच्या २०२२-२३ च्या कार्निव्हलचं दार उलट बंद होताना अडचणीचं, मध्ये कुणाचा हात आला तरी ते पुरेसं लवकर मागे फिरत नसे. २०२३ मध्ये सुमारे ५१,५०० गाड्या बोलावल्या आणि सॉफ्टवेअर बदलून दार मिटण्याचा वेग कमी केला, आधी वाजणारे इशारे वाढवले. तुमच्याकडे तीन वर्षांचं मूल आणि सत्तरीतले वडील एकाच दारातून चढणार असतील, तर मी हा रिकॉल इंजिनाच्या कुठल्याही भानगडीपेक्षा वर धरेन.

आमच्या गाडीचं रिकॉलचं काम झालं आणि मी निश्चिंत झालो. पुढच्या हिवाळ्यात डाव्या दाराचा खर्र-खर्र आवाज सुरू झाला. मधेच थांबायचं, तीनदा बीप करायचं आणि परत उघडायचं. शाळेची वेळ झालेली, धाकटा आतून ओरडतोय, मी हाताने ढकलतोय. मला वाटलं, हेही रिकॉलमध्ये येणार. मेकॅनिकने गाडीच्या मागच्या पत्र्यावरच्या रुळातून छोटंसं चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चाक कसलं, एका बाजूने इतकं झिजलं होतं की ते फिरतच नव्हतं, रुळावरून घासत जात होतं. ‘हे झिजलंय. दोषाने मोडलेलं नाही,’ तो म्हणाला. खर्च माझा.

हा फरक तुम्हीही पक्का समजून घ्या, कारण मिनिव्हॅनचा खरा खर्च इथे होतो. रिकॉल सुरक्षिततेच्या दोषासाठी निघतो. इंजिन तेल पितं, गिअर बदलताना झटका बसतो, कूलंट गळतं, ही दुखणी बहुतेक वेळा त्या यादीत नसतातच. त्यांच्यासाठी कंपनी फार तर सर्व्हिस बुलेटिन काढते, म्हणजे डीलरच्या मेकॅनिकसाठी लिहिलेली टीप, किंवा ठरावीक भागाची वॉरंटी वाढवते. बुलेटिन आहे म्हणून काम फुकट होत नाही. वाढीव वॉरंटीला वर्षांची आणि मैलांची मर्यादा असते. २०११ ते २०१३ च्या सुमाराच्या क्रायस्लर-डॉजच्या ३.६ लिटर इंजिनांत डाव्या सिलिंडर हेडचा (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाचा) त्रास निघाला, तेव्हा कंपनीने त्या हेडची वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ज्यांनी मुदतीत नेली त्यांचं भागलं, बाकीचे खिशातून. त्याच इंजिनात तेलाच्या फिल्टरची प्लास्टिकची बैठक गळते, ती तर नेहमीचीच.

ओडिसी बघत असाल तर टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा पट्टा, कधी बदलला ते विचारा. तिच्या व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या) इंजिनात साखळी नसून बेल्ट आहे, साधारण एक लाख मैलांच्या आसपास तो बदलावा लागतो, आणि धावत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पंचाण्णव हजार मैल झालेली, स्वस्त वाटणारी ओडिसी दिसली की विक्रेता आत्ताच का विकतोय याचं उत्तर बऱ्याचदा त्या बेल्टमध्येच असतं. नंतरची विचारणा गिअरबॉक्सची. १९९९ ते २००४ च्या ओडिसींचे गिअरबॉक्स इतके बदनाम झाले की लोक अजून त्या आठवणीनेच नाक मुरडतात, पण तुम्ही बघताय त्या गाड्यांशी त्याचा संबंध नाही. २०१८-१९ मध्ये काही ओडिसींना नऊ गिअरचा, काहींना दहा गिअरचा बॉक्स होता. नऊवाला कमी वेगात अडखळतो अशा तक्रारी बऱ्याच आहेत. मी असतो तर दहावाला घेतला असता.

सिएनाचं इंजिन तब्येतीने दणकट, पण २०११ ते २०१४ च्या गाडीत पुढच्या प्रवाशासमोरची एअरबॅग ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या यादीत आहे. हा अमेरिकेतला आजवरचा सगळ्यात मोठा रिकॉल. जवळपास ६ कोटी ७० लाख एअरबॅग. फुगवणाऱ्या डब्यात अमोनियम नायट्रेट होतं, उष्णता आणि दमटपणाने ते वर्षानुवर्षं बिघडत गेलं, आणि अपघातात डबा फुटून धातूचे तुकडे थेट माणसावर. यात माणसं गेली आहेत. असा एक रिकॉल बाकी दिसला तर किंमत पाडून घेण्याची संधी म्हणून बघू नका, आधी काम करून घ्या, मग गाडी हलवा. गाडी उन्हाच्या, दमट राज्यातून आलेली असेल तर आणखीच. आणि मिठाच्या रस्त्यांच्या राज्यातून आलेली जुनी सिएना असेल तर पोटाखाली वाकून स्टेपनी लटकवणारी केबल बघा. १९९८ ते २०१० च्या सुमारे ६ लाख गाड्या त्या केबलच्या गंजासाठीच बोलावल्या होत्या.

‘हायब्रिड घेऊ का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिडच येते, तिच्याबद्दल माझी हरकत नाही. क्रायस्लरची पॅसिफिका प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी) मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१७-१८ च्या गाड्यांच्या मालकांना कंपनीने सांगितलं, की चार्जिंग करू नका आणि गाडी घरापासून, दुसऱ्या गाड्यांपासून लांब, उघड्यावर लावा. बंद करून उभ्या असलेल्या गाड्या पेटल्या होत्या, १२ घटना होत्या. २०२४ मध्ये पुन्हा २०१७ ते २०२१ मधल्या गाड्यांसाठी असाच रिकॉल निघाला. नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या पॅसिफिकाला हे लागू नाही. ज्यांच्या घरात गॅरेज स्वयंपाकघराला लागून आहे, त्यांनी हे दोनदा वाचावं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात ती सांगतो. मिनिव्हॅनच्या मधल्या सीट काढता येतात, आणि सामान न्यायला आधीच्या मालकाने त्या काढून परत बसवलेल्या असतात. २०११ ते २०१७ च्या सुमारे ८ लाख ओडिसी याचसाठी बोलावल्या, कारण सीट नीट अडकली नाही तर ब्रेक दाबताच पुढे कलंडू शकायची. कुठलीही व्हॅन असो, मधल्या प्रत्येक सीटला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात हलवून बघा. लहान मुलाची सीट बांधायच्या आधी तर नक्कीच.

गाडी घेतल्यावर त्याच आठवड्यात कंपनीच्या साइटवर व्हीआयएन आणि तुमचा पत्ता नोंदवा. नाहीतर रिकॉलची पत्रं आधीच्या मालकाच्या नावाने, भलत्याच गावी जात राहतात.

आणि टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा गाडी चढाला उभी करून दोन्ही सरकती दारं बटणाने उघडा-मिटा, मग तोंड उताराकडे करून पुन्हा तेच. सपाट जागेवर शहाण्यासारखी वागणारी दारं तिथे अडायला लागतात. विक्रेता घाई करत असेल तर करू द्या.