फिरत्या घरातील टीव्हीचा अँटेना

प्रश्न : आमच्या निवासी मोटारगाडीच्या छतावर अँटेना आहे, तरीही मुक्काम बदलला की काही वाहिन्या दिसत नाहीत, काहींचे चित्र चौकटींत तुटते. नवा अँटेना घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात सिग्नल क्षीण झाला की चित्रावर मुंग्या येत, पण चित्र दिसत राही. डिजिटल प्रक्षेपणात मात्र तो ठरावीक पातळीखाली गेला की चित्र तुटते आणि लगेच नाहीसे होते, म्हणून थोडी सुधारणाही पुरेशी ठरू शकते. प्रत्येक मुक्कामी वाहिन्यांचा शोध नव्याने घ्या, कारण तिथले प्रक्षेपण मनोरे आणि फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात. अँटेना एका दिशेचा असेल, तर तो पूर्ण उंच करून मनोऱ्याच्या रोखाने थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी काही सेकंद थांबा. टीव्हीला चित्र जुळवायला वेळ लागतो आणि घाई केली की नेमकी दिशाच हातून निसटते. बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारे उपकरण, चालू आहे ना, हे पाहा. मनोरा अगदी जवळ असल्यास मात्र बूस्टरच सिग्नल बिघडवू शकतो, तेव्हा तो बंद करून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर अँटेना आणि टीव्ही जोडणाऱ्या ७५ ओहमच्या केबलचे जोड तपासा. प्रवासातील हादऱ्यांनी ते सैल होतात आणि पाणी शिरून गंजतात.