लाकडाच्या स्टोव्हवर ठेवायचा बिनविजेचा पंखा घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये नवीन घेतलेल्या घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, हॉल तापतो पण आतल्या खोल्या गारच राहतात. मग स्टोव्हवर ठेवायच्या, वीज न लागणाऱ्या पंख्याने फरक पडेल का? मी याच राज्यात अकरा हिवाळे लाकडावर काढलेत, त्यातले नऊ या पंख्याच्या सोबतीने. हॉलसाठी जरूर घ्या. आतल्या खोल्यांसाठी घेणार असाल तर पैसे फुकट जातील.

हा पंखा चालतो कसा ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. खाली ॲल्युमिनियमचा बुंधा, वर ॲल्युमिनियमच्याच उभ्या पट्ट्या आणि दोघांच्या मधे चौकोनी बिस्किटाएवढी एक पातळ चकती. चकतीची खालची बाजू स्टोव्हने तापते, वरची पट्ट्यांमुळे त्यामानाने गार राहते आणि या फरकातून थोडीशी वीज तयार होते. झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने 1821 मध्ये नोंदवलेला परिणाम तो हाच. मोटरला मिळतात जेमतेम एक-दोन व्होल्ट. तेवढ्यात पाती छान फिरतात, आवाजही जवळजवळ नसतो, पण भिंतीपलीकडे हवा ढकलण्याचा जोर त्यात नाही. शिवाय पंखा नवी उष्णता निर्माण करत नाही. छताला जाऊन बसणारी ऊब तो तुमच्या अंगाकडे वळवतो, इतकंच.

मी हे उदबत्तीने पाहिलंय. स्टोव्हसमोर सहा फुटांवर सोफा आहे, तिथे उदबत्ती धरली. पंखा नसताना धूर सरळ वर गेला, पंखा ठेवल्यावर स्पष्ट आडवा वळला. अर्ध्या तासात सोफ्याजवळचं तापमान दोनेक अंशांनी वाढलं आणि आईने खांद्यावरची शाल काढून ठेवली. मग तीच उदबत्ती बेडरूमच्या दारात नेली. तिथे धूर हललासुद्धा नाही.

आतल्या खोल्यांसाठी वेगळी युक्ती आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. विजेवरचा साधा छोटा टेबल फॅन गार खोलीच्या दारात जमिनीवर ठेवा, तोंड हॉलकडे, वेग सगळ्यात कमी. गरम हवा खोलीत ढकलावी असं आपल्याला वाटतं, पण करायचं नेमकं उलट. गार हवा जड असते, ती जमिनीलगत बाहेर जाते आणि तिची जागा भरायला दाराच्या वरच्या भागातून ऊब आत येते. उदबत्ती दाराच्या वरच्या चौकटीशी धरलीत तर धूर खोलीत शिरताना दिसेल. आमच्या मुलीची खोली या एका गोष्टीने राहण्यासारखी झाली.

आता पंखा घेतलातच तर जागा चुकवू नका. बरेच जण तो स्टोव्हच्या पुढच्या काठावर ठेवतात. तिथे स्टोव्हवरून उठणारी गरम हवाच पट्ट्यांवरून जाते, वरची बाजू तापते, फरक घटतो आणि पंखा मंदावतो. मागच्या किंवा बाजूच्या कडेला ठेवा, म्हणजे त्याला मागून गार हवा मिळेल. शेजारी चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा, कारण जास्त तापलं की चकतीच जाते. माझा पहिला, स्वस्तातला पंखा असाच दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडला. चांगल्या पंख्यांच्या तळाला एक धातूची पट्टी असते, ती फार तापली की वाकते आणि पंखा किंचित वर उचलते. ती आहे का ते पाहूनच घ्या. कॅनडातल्या कॅफ्रामो कंपनीचा इकोफॅन इकडे बऱ्याच घरांत दिसतो.

त्याआधी लाकूड तपासा, हे मी अगदी कळकळीने सांगते. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला त्याच्या सुया टोचा, बाहेरून मोजलंत तर फसाल. गावाकडे बंबात ओली लाकडं घातली की डोळे चुरचुरायचे आणि पाणी काही तापायचं नाही, तेच इथे होतं. वर धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि ती पेटली तर घराला धोका. पहिल्या वर्षी आमचं लाकूड ओलं होतं, आणि कुठल्याही पंख्याने ती थंडी हटली नसती.

पंख्याचा खरा आधार मला वाटला तो एका हिमवादळात. दोन दिवस वीज नव्हती, टेबल फॅन, हीटर सगळं बंद. आम्ही सगळे गाद्या घेऊन हॉलमध्ये आलो आणि तो पंखा रात्रभर फिरत होता.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी बघा. काही स्टोव्हना वरून दुहेरी पत्रा असतो, मधून हवा खेळते आणि वरचा पत्रा पुरेसा तापतच नाही. त्यावर हा पंखा रेंगाळतो. स्टोव्ह तासभर नीट पेटल्यावर वरचं तापमान मोजा आणि स्टोव्हचं मॉडेल इथे लिहा, मी बघून सांगते.