नोकरी सोडून एमबीए?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. डोंबिवलीहून रोज अंधेरीला नोकरीला जाते. एमबीएच्या सीईटीसाठी नोकरी सोडू का? बाबा म्हणतात, कॉलेज कुठलंही चालेल, डिग्री महत्त्वाची.

उत्तर : अजिबात सोडू नकोस. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे सगळा खेळ वेगाचा. दर रविवारी घड्याळ लावून अख्खा पेपर सोडव. एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस. (आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे कॅटला, मात्र अशी अंदाजाने ठोकाठोकी अंगाशी येते; तिथे चुकीला गुण कापतात.)

बाबांचं म्हणणं मला पटत नाही. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारखं नावाजलेलं कॉलेज मिळालं, तर दादरला गाडी बदलून खुशाल चर्चगेट गाठ. पण भरमसाट फी घेणाऱ्या कॉलेजात तिथल्या मुलांना कँटीनमध्ये गाठ आणि विचार, नोकरी कुणाला लागली, कसली लागली? ‘सरासरी पॅकेज’ दोन-चार गलेलठ्ठ पगारांनी फुगतं. पगारांच्या क्रमाने रांग लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या मुलाला काय मिळालं ते बघ.

आणि कॅपचा, म्हणजे सीईटीनंतरच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेचा, पसंतीक्रम भरताना घराजवळचं म्हणून कुठलंही कॉलेज पहिल्या नंबरावर टाकू नकोस. पहिल्या फेरीत तेच मिळालं, की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद.