युरोपीय संघात गेल्यावर देशाची अर्थव्यवस्था नेमकी कशी बदलते?

नागपूरला वाडीत माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, म्हणून ट्रकवरूनच सांगतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी मध्य प्रदेशात जाणारी आमची गाडी कागद दाखवायला तासन्‌तास रांगेत असायची. गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता आणि ड्रायव्हरचा भत्ता चालूच. तो खर्च शेवटी मालाच्या किमतीत चढायचा.

पोलंड १ मे २००४ ला युरोपीय संघात गेला, तेव्हा जर्मनीच्या सीमेवर मालाची तपासणी अशीच थांबली. पूर्वी एकेका देशाचे परवाने मोजून मिळायचे, आता संघाचा एकच परवाना चालतो. ड्रायव्हरचे पगारही जर्मनीपेक्षा कमी. आज युरोपातल्या आंतरराष्ट्रीय ट्रक वाहतुकीत पोलंडच्या गाड्या सगळ्यांत पुढे आहेत! सुटे भाग सीमेवर न अडकता ये-जा करू लागले, तसे जर्मन कंपन्यांनी तिथे आणखी कारखाने टाकले. हायवेसाठी संघाचा पैसाही भरपूर आला.

किंमतही मोजावी लागली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने नोकऱ्यांची दारं पहिल्याच दिवशी उघडली आणि लाखो तरुण देश सोडून गेले. आपल्या विदर्भातली पोरं शिकली की पुणं गाठतात ना, तसंच. घरी मागे राहिलेले म्हातारे आईबाप कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

चलनाचं मात्र वेगळं आहे. संघात गेलं म्हणून युरो लगेच येत नाही. पोलंडने आपला झ्लॉटी ठेवला. जागतिक मंदीत तो घसरला, निर्यात स्वस्त झाली आणि २००९ मध्ये अख्ख्या संघात एकट्या पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. ग्रीसने २००१ मध्ये युरो घेतला होता. कर्जाचं संकट आलं तेव्हा चलन स्वस्त करायची सोय उरली नव्हती, मग पगार आणि पेन्शन कापावे लागले. माझ्या मते संघात सामील होण्यापेक्षा युरो घेण्याचा निर्णय जास्त जोखमीचा.

आणि संघ नसला की काय होतं, ते वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला विचारा. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, तसा इथे बागेतला भाव पडला आणि आमच्या तिकडच्या फेऱ्याही कमी झाल्या. स्पेनची संत्री जर्मनीत एक पैसा शुल्क न भरता पोचतात.