मारवा ऐकून कविता सुचते, पण छापणार कोण?

प्रश्न : मी मिरजेची. लहानपणापासून उरुसातलं गाणं रात्र रात्र जागून ऐकलंय. सध्या रागांवर कवितांची मालिका लिहितेय, मारवा, श्री, पूरिया वगैरे. तीन कविता सोबत जोडल्यात. मैत्रीण म्हणते वाचताना मैफलीचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : आधी त्या मैत्रिणीला जपा, तोंडावर खरं सांगणारं माणूस सहसा मिळत नाही. तुमच्या कविता वाचल्या. सूर, आर्त, गहिवर हे शब्द जवळपास प्रत्येक कडव्यात आलेत आणि संध्याकाळ तर तिन्हीकडे आहे. गाणं ऐकून तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही लिहिलंय, पण गाणारा नेमकं काय करतोय तिकडे बघितलंत तर जास्त हाताला लागेल. मारव्याचंच घ्या ना. पंचम (प) नाहीच, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि गवई षड्जावर (सा) यायचं टाळत राहतो, रे आणि ध वरच घुटमळतो, मागे तानपुऱ्यात सा चालूच असतो पण गळा काही तिथे टेकत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती हुरहुर लागते. आता हेच कवितेत करून बघा. ज्या माणसाबद्दल कविता आहे त्याचं नाव घ्यायचंच नाही, त्याची चप्पल, त्याचा डबा, औषधाच्या दुकानातली उधारी, सगळं येऊ दे, आणि नाव आलंच तर एकदाच, तेही उशिरा. आणि मारवा हा शब्द कुठेच नको, शीर्षकातसुद्धा नको.

मुखड्याचंही तसंच, म्हणजे बंदिशीची जी ओळ पुन्हा पुन्हा येते तिचं. शब्द तेच, पण दहा मिनिटं आलापी झाल्यावर तो मुखडा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा पहिल्यासारखा लागत नाही. तुमच्या 'श्री'मध्ये एक ओळ चार वेळा आलीय आणि चारही वेळा तिचा अर्थ तोच आहे, मग ती नुसती जागा अडवते. काढा, नाहीतर आधीची कडवी अशी लिहा की ती ओळ दर वेळी वेगळी ऐकू येईल.

कवी अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांची कविता मोठ्यानं वाचून बघा, ओळ कुठे तोडलीय ते कानाला कळतं. निदान मला तरी कळतं, घरचे वैतागतात ते सोडा.

प्रश्न : कवितासंग्रह काढायचाय. एक प्रकाशक माझ्याकडूनच भरमसाठ पैसे मागतोय. दुसरा छोटा आहे, तो म्हणतो आधी शंभर प्रतींची आगाऊ नोंदणी आणा. हा फसवाफसवीचा प्रकार आहे का? आणि सगळे म्हणतात स्वतंत्र प्रकाशनाला सपोर्ट करा, म्हणजे नक्की काय करायचं? (नाशिक)

उत्तर : आगाऊ नोंदणी ही फसवणूक नाही हो, जुनी रीत आहे. १९७६ साली मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाउस ही प्रकाशनसंस्था काढली, ते वाचकांकडून आधी पैसे घेऊनच पुस्तकं काढायचे. कोलटकरांचं 'जेजुरी' हे इंग्रजी कवितांचं पुस्तक तिथूनच आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. मराठीत अशोक शहाण्यांच्या 'प्रास'नं कोलटकर छापले, त्यातल्या 'भिजकी वही'ला नंतर साहित्य अकादमी मिळाला. त्याच्याही आधी १९५४ मध्ये 'शब्द' हे लिटल मॅगझिन, म्हणजे कवींनी स्वतःच काढलेलं छोटं नियतकालिक, चक्क सायक्लोस्टाइल करून, स्टेन्सिलवरून प्रती काढून, निघत होतं. त्यामुळे छोटा आहे म्हणून घाबरू नका, फक्त नोंदणीच्या पैशाची पावती, प्रती किती, तारीख काय आणि पुस्तक निघालं नाही तर पैसे परत कधी, एवढं लेखी घ्या. आणि पहिलावाला आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावत असेल तर विचारा बरं का, कारण आपल्याकडे तो सरकारकडून फुकट मिळतो.

सपोर्टचं म्हणाल तर मला एकच विचारायचंय, गेल्या वर्षभरात तुम्ही दुसऱ्या कवीचं पुस्तक विकत घेतलंत का? भेट मिळालेलं धरू नका. मराठीत कवी ढीगभर आहेत आणि सगळ्यांना छापून यायचंय, पण कवितेच्या मासिकाची वर्गणी भरायची वेळ आली की सगळे गायब, मग संपादक बिचारा पोस्टाचा खर्चही खिशातून करतो. वर्गणी आठवण न करता भरा, पुस्तक आवडलं तर पीडीएफ ग्रुपवर ढकलू नका, आणि प्रकाशनाला जाऊन नुसती बटाटेवडा-कॉफी घेऊन परत येऊ नका. परगावी पुस्तकं पाठवायची तर पोस्टाची ज्ञान पोस्ट नावाची स्वस्त सेवा आहे, मे २०२५ पासून सुरू झालीय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. काही छापील पुस्तकांनाच ती चालते, नियतकालिकांना नाही, त्यामुळे मासिकवाल्यांचं रडगाणं चालूच आहे. तुमचा संग्रह त्यात बसतो का ते काउंटरवर आधी विचारून घ्या.

प्रश्न : कवितेच्या वर सिनेमाच्या गाण्याची एक ओळ टाकली तर चालते का? (बडोदा)

उत्तर : गीतकार जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर सहसा कॉपीराइट चालू असतो, त्यामुळे परवानगी मागणं बरं. हक्क बऱ्याचदा म्युझिक कंपनीकडे असतात, गीतकाराच्या घरच्यांना विचारून भागेलच असं नाही. तुकोबांची ओळ घेतलीत तर ही कटकट नाही. परवानगी मिळाली की पत्राची एक प्रत प्रकाशकाकडे देऊन ठेवा.